रिकाम्या दुकानांची शटरं

प्रिय खारूताई,

सगळ्यात आधी उगवली ती मोजणीवाली बाई, आणि तीसुद्धा सांगितलेल्या वेळेच्या चांगली पाऊण तास आधी. चष्मेवाले भावजी तोंडाला साबण फासून बसले होते, किल्लीवाला चहा आणायला गेला होता आणि मी छत्रीवाल्याच्या शटरखाली खांदा देऊन उभी होते. ते शटर तुला माहीतच आहे, कमरेएवढं वर येतं आणि तिथे रुसून बसतं. मागून कोणीतरी म्हणालं, आजी, हात लावू का? मी वळूनसुद्धा बघितलं नाही. म्हटलं, लाव की, विचारतेस काय. तिनं हात लावला आणि शटर धाडकन वर गेलं. मग वळून बघते तर गळ्यात पालिकेचं ओळखपत्र! म्हणजे जिला फसवायचं म्हणून आम्ही दोन दिवस मसलत करत होतो, तिच्याकडूनच मी फसवायचं शटर उघडून घेतलं. तुझे आजोबा असते तर कपाळाला हात लावून म्हणाले असते, हिला कोणीतरी घरात बसवा.

थांब, मी मधूनच सुरू केलं. पाकीट हाताला जड लागलं असेल, पोस्टातली मुलगीही हलवून बघेल आणि जादा तिकीट लावायला सांगेल. त्यात काय आहे ते शेवटी सांगते, आधी उलटंपालटं करून काढलं असशील तर बाजूला ठेव आणि नीट वाच. फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू विचारतेस, आजी बरी आहेस ना, मी म्हणते बरी आहे, तू विचारतेस जेवलीस ना, मी म्हणते जेवले, आणि मग आपण दोघी गप्प. मला गप्प बसता येत नाही हे जगाला ठाऊक आहे, पण तुझ्याशी फोनवर बसते बाई. म्हणून हे. शाळा माझी तिसरीची, तीही अर्धी, तेव्हा जोडाक्षरं जिथे चुकतील तिथे अंदाजानं वाच. बिलाच्या वहीचे कागद आहेत, मागच्या बाजूला रिळांचे नंबर आहेत, ते पत्रात धरू नकोस.

तर झालं असं. गेल्या शनिवारी मीटरवाला आला. तो नेहमीसारखा पाणी प्यायला माझ्याकडे टेकला आणि सहज बोलून गेला की वरच्या ऑफिसात आपल्या रस्त्याचा कागद निघालाय. बावीस दुकानं रोज उघडी दिसतात आणि त्यातली सात दुकानं कित्येक वर्षं विजेचं एक युनिट जाळत नाहीत, हे कसं काय, असं कोणीतरी विचारलंय, आणि सोमवारी साडेनऊला तपासायला माणूस येतोय. म्हटलं, आता दंड बसणार. मी लगेच चष्मेवाल्या भावजींकडे गेले, त्यांनी किल्लीवाल्याला बोलावलं, आणि आम्ही तिघं त्या डोळे तपासायच्या अंधाऱ्या खोलीत बसलो. बसायला खुर्ची एकच. ती मला दिली, त्यामुळे मी बोलत होते आणि समोरची ती मोठी लहान होत जाणारी अक्षरं वाचत होते. तिसऱ्या ओळीपर्यंत दिसतात अजून.

तू इथून गेलीस तेव्हा हे शटर उघडायचं काम दोन दुकानांपुरतंच होतं, म्हणून तुला सगळं ठाऊक नसेल. सुरुवात छत्रीवाल्यापासून झाली. तो दवाखान्यात पडला आणि दुसऱ्या दिवसापासून माझं गिऱ्हाईक कोपऱ्यावरून परत जायला लागलं. माणसाचं कसं असतं, लांबून एक बंद शटर दिसलं की वाटतं आज रस्ताच बंद आहे. मग तुझे आजोबाच म्हणाले, तो येईपर्यंत त्याचं शटर आपणच वर करू, दारात दोन छत्र्या उघडून ठेवू, येतोय की आठवड्याभरात. तो काही आला नाही. गेल्यावर मग शटर खाली ओढायला कोणाचा हात धजेना. ते ओढलं म्हणजे आपणच त्याच्यावर चादर घातल्यासारखं. मग खेळणीवाल्या बहिणी मुलाकडे गेल्या, शिलाईमशीन दुरुस्तीवाल्याचे गुडघे गेले, रेडिओवाल्याकडे कोणी रेडिओच आणेना. एकेक करत सात झाली. भावजींकडे दोन, किल्लीवाल्याकडे दोन, माझ्याकडे तीन. सकाळी नऊला वर, संध्याकाळी सातला खाली. खेळणीवाल्यांच्या काचेत मी दर महिन्याला ते लाकडी घोडे इकडचे तिकडे करते, म्हणजे माल हलतोय असं वाटावं. माझा उजवा खांदा बघून डॉक्टर म्हणाले, आजी, कोणतं जड काम करता? काय सांगणार. म्हटलं, बटणं विकते.

माझी तीन कोणती ते तुला कळलं असेल. छत्रीवाल्याचं, खेळणीवाल्यांचं आणि आपलं, आजोबांचं फ्रेमांचं.

तर सोमवारची मसलत अशी ठरली की सातही दुकानांत दिवा दिसला पाहिजे आणि माणूस दिसलं पाहिजे. वीज नाही, म्हणून किल्लीवाल्यानं सेलवरचे दिवे आणून लावले. माणसं कुठून आणायची? भावजींनी मेहुण्याला बसवलं, किल्लीवाल्यानं स्वतःच्या सासऱ्यांना मशीनवाल्याच्या दुकानात बसवलं, ते बहिरे आहेत, म्हणजे काही विचारलं तरी पंचाईत नाही. मला कोणी मिळेना. मी म्हटलं मागच्या गल्लीतून सगळ्या दुकानांना दारं आहेत, मीच पळते. भावजी म्हणाले, वहिनी, वय काय, पळता काय. मी म्हटलं, बाई एका दुकानात किती वेळ थांबणार, पाच मिनिटं, पाच मिनिटांत मी खालच्या चौकापर्यंत जाऊन येते.

आणि खरंच गेले ग. आधी माझ्या दुकानात होते. बाई आली, नाव, वय, दुकान किती वर्षांचं, सगळं लिहून घेतलं, मघाशी शटर उचललं होतं त्याबद्दल एक शब्द नाही. ती बाहेर पडली तशी मी मागच्या दारानं आपल्या दुकानात. चष्मा काढला, आजोबांचा तो राखाडी कोट अंगावर चढवला आणि करवतीपाशी उभी राहिले. बाई आली. पुन्हा नाव, वय. वयात मी दोन वर्षं कमी केली. फ्रेमचं काम कोण करतं विचारलं. माझ्या तोंडातून निघून गेलं, माझी नात करते, काच आणायला गेलीय. लिहून घेतलं. ती बाहेर, मी पुन्हा गल्लीत. खेळणीवाल्यांच्या दुकानात डोक्याला शाल गुंडाळून खाली बसले आणि घोडा पुसायला लागले, तोंड वर करायचंच नाही असं ठरवून. बाई आली, माझ्यासमोर उकिडवी बसली आणि अगदी हळू म्हणाली, आजी, तुम्ही किती बहिणी आहात?

मला इतका दम लागला होता की हसू आलं का रडू ते मलाच कळलं नाही. मी म्हटलं, बाई, मी एकटीच आहे, दंड काय असेल तो माझ्या एकटीच्या नावावर लिहा, त्या बहिऱ्या म्हाताऱ्याला त्रास देऊ नका, त्यांना तर आपण कोणत्या दुकानात बसलोय तेही ठाऊक नाही. तिनं वही मिटली. पाणी आहे का विचारलं. मग मी तिला हाताला धरून आपल्या दुकानात नेलं, कारण स्टूल तिथेच धड आहे, आणि सगळं सांगितलं. छत्रीवाल्यापासून. तुला माहीत आहे मी सांगायला लागले की कसं होतं, मध्ये तुझ्या आईच्या लग्नाचंही थोडं येऊन गेलं. तिनं ऐकून घेतलं. मला वाटलं आता हसेल, नाहीतर रागावेल. तिनं पिशवीतून एक जुनी फाईल काढली आणि म्हणाली, आजी, तुम्हाला एक सांगू का, वाईट वाटून घेऊ नका.

ऐक आता. दरवर्षी पालिकेचा एक माणूस स्कूटरवरून आपल्या रस्त्यानं जातो. उतरत नाही. उघडी शटरं मोजतो आणि लिहितो. शहरातल्या ज्या जुन्या बाजारात बंद दुकानं जास्त, तो रस्ता सुधारायच्या यादीत वर जातो. तिथे पालिका गटारं, फूटपाथ, दिवे करते आणि एखादी कंपनी स्वतःचे पैसे घालून बंद दुकानं दुरुस्त करते आणि नव्या माणसांना चालवायला देते. नऊ वर्षं ही योजना आहे. आणि नऊ वर्षं आपल्या रस्त्यापुढे लिहिलंय, बावीसपैकी बावीस उघडी, सुधारणेची गरज नाही. खालच्या कापडबाजाराला मिळालं, नदीकाठच्या रस्त्याला मिळालं. आपण दर वर्षी यादीत सगळ्यात खाली. का, तर मी आणि चष्मेवाले भावजी आणि किल्लीवाला रोज सकाळी नऊ वाजता मेलेल्या दुकानांना उठवून बसवत होतो म्हणून.

मी काही बोलले नाही. मी, आणि काही बोलले नाही! बाईच घाबरली, तिनंच मला पाणी दिलं. खांदा त्या वेळी असा ठणकायला लागला, जणू त्यालाही आत्ताच कळलं.

भावजींना सांगितलं तर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि बराच वेळ लावलाच नाही. किल्लीवाला म्हणाला, म्हणजे आपण झोपलो असतो तर बरं होतं.

पण आनंदाची गोष्ट पुढेच आहे, ती सांगते. बाईनं खरा आकडा लिहिला, सात बंद, आणि वर लाल पेनानं काहीतरी खूण केली, आणि बुधवारी आला बघ कंपनीवाला. पायात असे चकचकीत बूट की त्यात माझं तोंड दिसलं. मोजणीवाली बाई त्याला दाखवत होती आणि तो मान वर करून बघत चालला होता, गच्चीचे कठडे, जुन्या खिडक्या, अहाहा काय कारागिरी म्हणत होता, आणि रेडिओवाल्यापुढच्या गटाराची फुटकी फरशी आहे ना, त्यात पाय घोट्यापर्यंत गेला. मी धावत कापूस आणि साबण घेऊन गेले. त्याला माझ्या स्टुलावर बसवून बूट धुतला. फार शांत निघाला ग माणूस. म्हणाला, आजी, पहिल्यांदा ही फरशी. मी म्हटलं, लिहून घ्या, उद्या विसराल. त्यानं लिहिलं.

चित्र दाखवलं त्यांनी. रस्ताभर रुंद फूटपाथ, ऊन लागू नये म्हणून दुकानांपुढे छत, मधे बसायला बाक, पाण्याचा नळ, झाडं. अशी चित्रं मी याआधी दोनदा बघितली आहेत, एकदा तुझी आई शाळेत होती तेव्हा आणि एकदा तू झालीस त्या वर्षी. कागदावर झाडं लगेच मोठी होतात. म्हणून मी आधी नुसतीच मान हलवली. पण या वेळी पालिकेचा मंजुरीचा कागद होता, त्यावर शिक्का होता, आणि गुरुवारी सकाळी खरंच दोन माणसं येऊन गटारात काठी घालून खोली मोजून गेली. तेव्हा मात्र मी दुकानात एकटीच टाळ्या वाजवल्या. माझ्या हयातीत त्या बाकावर बसून मी पाय हलवणार. बाक माझ्या दुकानापुढे यावा असं मी बाईच्या कानात सांगून ठेवलंय. भावजी कुरकुरत आहेत. म्हणतात, सगळ्यांना एका रंगाच्या पाट्या लावणार, माझी पाटी बत्तीस वर्षांची आहे, आणि उद्या भाडं वाढलं तर या म्हातारीला बाकावर बसून दुसऱ्याचं दुकान बघावं लागेल. भाड्याचं मी विचारून घेतलं हं. जे दुकान चालवत आहेत त्यांचं दहा वर्षं तेच भाडं, असं त्या कागदात आहे, बाईनं मला दोनदा वाचून दाखवलं आणि मी तिसऱ्यांदा भावजींकडून वाचून घेतलं. तरी म्हणतात बघू. त्यांनी इतकी वर्षं दुसऱ्यांची शटरं ओढली आहेत, थोडं कुरकुरू दे.

आता जे सांगायचं ते. बंद सातांचं असं आहे की ज्याच्या नावावर गाळा आहे, त्यानं येऊन सांगायचं, मी चालवणार की सोडणार. चालवणार म्हटलं तर पुढचा दर्शनी भाग ते नवा करून देणार. सोडलं, किंवा कोणी आलंच नाही, तर कंपनी घेणार आणि नव्या माणसाला देणार. छत्रीवाल्याच्या मुलीनं फोनवर सांगून टाकलं, सोडलं. खेळणीवाल्या रडल्या, पण सोडलं म्हणाल्या, घोडे मला ठेवा म्हणाल्या. मी बाईला म्हटलं, आमच्या अकरा नंबरचं काय, ह्यांच्या नावावर होता, हे जाऊन तीन वर्षं झाली, माझी सही चालेल ना? तिनं रजिस्टर उघडलं, बोट फिरवलं आणि म्हणाली, आजी, हा गाळा तुमच्या यजमानांच्या नावावर नाहीये. आणि तिनं तुझं नाव वाचलं. पूर्ण, शाळेत हजेरीला घ्यायचे तसं. मी म्हटलं चूक असेल. तिनं तारीख दाखवली. तू गेलीस त्यानंतर सहा महिन्यांनी, खाली ह्यांची सही, ती वाकडी, ओळीच्या खाली घसरलेली सही. तोवर यांना ओळ दिसत नव्हती.

म्हणजे एकट्यानं काठी टेकत ते ऑफिसात गेले, रांगेत उभे राहिले, दुकान तुझ्या नावावर केलं, घरी आले, जेवले, आणि पुढे जाईपर्यंत दीड वर्ष माझ्याजवळ याबद्दल चकार शब्द काढला नाही. मला आधी राग आला. मग कळलं की का नाही काढला. मला सांगितलं की रस्त्याला कळतं. ते बरोबरच होतं त्यांचं. आणि त्यामागचं कारण मला एकटीलाच माहीत आहे, तुला नाही. खारूताई, मी हे पत्र त्यासाठी लिहायला बसले आणि चार कागद दुसरंच सांगत बसले.

तुला आठवतं, लहान असताना तू करवतीखाली बसून पट्टीचे कापलेले तुकडे गोळा करायचीस, फ्रॉकच्या ओच्यात भरून कोपऱ्यात दडवायचीस, म्हणून हे तुला खारूताई म्हणायला लागले. मोठी झालीस तरी दडवायची सवय गेली नाही. यांची नजर अधू झाली तेव्हा यांचे तिरके काप चुकायला लागले, कोपऱ्यात फट राहायची, बोटाचं नख जाईल एवढी. हे दुपारी जेवायला वर आले की तू मागे थांबून त्या फ्रेमा उकलायचीस, नवी पट्टी कापायचीस, जोडून तशीच भिंतीला उभी करून ठेवायचीस. मी जिन्यातून बघितलंय. कोणाला सांगितलं नाही. आठ महिने सांगितलं नाही, माझ्यासाठी ते किती आहे तूच विचार कर. आणि मग एका दुपारी हे ताटावर बसून म्हणाले, बघ, चाळीस वर्षांनीही हात कसा पक्का आहे, काल ते गिऱ्हाईक कोपऱ्यावरून बोट फिरवत बसलं होतं. आणि तुझं काय, बटणं तर कोणीही मोजून देईल. त्या दिवशी माझा खांदा दुखत होता, भाजी करपली होती. माझ्या तोंडातून निघालं, तो हात तुमचा नाही, पोरीचा आहे, तुम्ही केलेलं ती रोज मोडून परत करते.

यांनी ताट बाजूला सारलं. संध्याकाळी तुला म्हणाले, उद्यापासून दुकानात पाय ठेवू नकोस. तुला वाटलं की यांनी स्वतः हात फिरवून ओळखलं. तू पाच वर्षं तेच धरून बसली आहेस. हे गेले तेव्हा तू आलीस, दारात उभी राहिलीस, दुकानाकडे पाठ करून, आणि त्याच दिवशीच्या गाडीनं परत गेलीस. तेव्हा तरी मी सांगायला हवं होतं. सगळ्या रस्त्याचं मी सगळ्यांना सांगते, आणि हे तेवढं माझ्याच्यानं निघालं नाही. तुझं काम यांना लागलं नव्हतं ग, माझं बोलणं लागलं. तुझी शेवटची फ्रेम, ती कोणाच्या तरी मुलीच्या फोटोची, न्यायला कोणी आलंच नाही ती, यांनी कधी विकायला काढली नाही. शेवटी शेवटी काही दिसत नव्हतं तेव्हा स्टुलावर बसून तिचा कोपरा अंगठ्यानं चाचपायचे. एकदा म्हणाले, जोड हाताला लागत नाही. मी विचारलं, काय? म्हणाले, काही नाही, तुझी बटणं बघ.

बाई जाताना सांगून गेली आहे की आता सातही शटरं खालीच ठेवा, मोठे साहेब येतील त्यांना खरं दिसू दे. शुक्रवारी सकाळी नऊ वाजता मी उठून बाहेर आले आणि मला करायला काही नव्हतं. भावजी त्यांच्या दारात, किल्लीवाला त्याच्या दारात, आणि मी माझ्या. सहा शटरं बंद बघितली. रस्ता अगदी दात पडल्यासारखा दिसतो ग, इतकी वर्षं आम्ही कवळी लावून हसत होतो. आपल्या शटरजवळ गेले, हात लावला, आणि तसाच काढून घेतला. आज शनिवार, अजून उघडलेलं नाही. खांद्याला बरं वाटतंय, एवढं मात्र खरं आहे. थकले मी खारूताई. तुझं दुकान उघडं आहे असं दाखवायला मला अजून जमणार नाही.

पाकिटात किल्ली आहे. किल्लीवाल्यानं नवी करून दिली, पैसे घेतले नाहीत, म्हणाला, तिला सांगा जुनी किल्ली झिजली होती. तिथे तुझी काचेच्या कारखान्यातली नोकरी आहे, खोली आहे, तुझी माणसं असतील, मला ते सगळं कळतं. सोडायचं असेल तर बाईच्या ऑफिसचा नंबर या कागदाच्या मागे रिळांच्या खाली लिहिला आहे, एक फोन पुरे, मी रुसणार नाही, नव्या माणसाला मी सगळ्यात आधी चहा पाजीन. पण सोडशील ते यांनी घालवून दिलं म्हणून सोडू नकोस. यांनी दिलंय, रांगेत उभं राहून. मी शटरला हात लावणार नाही. ते उघडायचं असलं तर ज्याचं नाव रजिस्टरात आहे त्यानंच उघडायचं. मोजणीवाली बाई आणि कंपनीवाला मोठ्या साहेबांना घेऊन पुन्हा यायचं कबूल करून गेले आहेत, येत्या नाही, त्याच्या पुढच्या गुरुवारी, सकाळी अकरा वाजता.

तुझीच,
जिच्या तोंडाला झाकण नाही ती आजी